तळघरातला लाल दिवा

१

तळघरवाल्याने सकाळी सरावखोलीची कडी काढली, दार ओढलं आणि तो जिन्यावरून असा वर पळाला की एक चप्पल खालीच राहिली. आतून दाराला टेकून बसलेली मुलगी दाराबरोबर बाहेर कलंडली होती. व्हायोलिन पेटीत नीट ठेवलेलं होतं, पेटीही बंद होती. दाराच्या आतल्या अंगाची जाड गादी मात्र नखांनी ओरबाडून फाटली होती.

फौजदारबाई आल्या. या बाईंचं एक होतं: मेलेल्या माणसासमोर त्या कधी मोठ्याने बोलत नसत, आणि जिवंत माणसासमोर कधी हळू बोलत नसत. मुलीच्या अंगावर चादर पडेपर्यंत त्या गप्प राहिल्या आणि मग तळघरवाल्याकडे वळल्या.

"दाराला बाहेरून कडी कशाला रे? खोली आहे की कोंडवाडा?"

"दार जड आहे हो मॅडम. रिकाम्या वेळी आपोआप उघडून भिंतीवर आपटतं, म्हणून कडी बसवली. आत माणूस असताना मी नाही लावत, आईशप्पथ!"

डॉक्टरांनी सांगितलं, दम्याचा झटका. पंप हाताशी असता तर पोरगी वाचली असती. पंप होता चार पावलांवर, दाराबाहेरच्या खुंटीला टांगलेल्या कोटाच्या खिशात. खुंटीखालच्या कप्प्यात तिचा फोनही होता. कोट, पिशव्या, फोन बाहेर ठेवूनच आत जायचं, असा इथला नियम. खोली एवढीशी, त्यात फोनमुळे ध्वनिमुद्रणात खरखर येते.

"आणि ती ओरडली असेल त्याचं काय? तू तर वरच राहतोस."

तळघरवाल्याने मान खाली घातली. "आवाज बाहेर येत नाही, म्हणून तर लोक येतात माझ्याकडे."

बाईंनी वर पाहिलं. दारावर एक लाल दिवा अजून जळत होता.

"हा काय प्रकार?"

"ध्वनिमुद्रण चालू असल्याची खूण. हा लागला की दाराला कुणी हात लावायचा नाही. आमच्या धंद्यात हा दिवा म्हणजे देवाची आण समजा. काल मी झोपण्याआधी जिन्याच्या वरच्या पायरीवरून डोकावलो. दिवा दिसला, तसाच मागे फिरलो. तिथून कडी दिसत नाही हो! दिवा नसता तर खाली उतरून दार उघडलंच असतं. रोज उघडतो."

"दिवा लावलास कुणी? तू?"

"मी दार नुसतं लोटून घेतलं आणि वर गेलो. ती म्हणाली, आमचा गिटारवाला आणि नवा पियानोवाला येतायत, तोवर मी हात मोकळा करते. बटण हे काय, इथे बाहेरच आहे. आत ठेवलं तर त्याची टकटक मुद्रणात उतरते. म्हणून शेवटी बाहेर असेल त्याने दिवा लावायचा."

म्हणजे ज्याने कडी लावली त्यानेच दिवा लावला. बाई त्या बटणाकडे बघत राहिल्या. पोरीला कोंडणाऱ्याला हेही ठाऊक होतं की दिवा लागला की मालक फिरकणार नाही. मग हा कुणी आडदांड मवाली नव्हे. हा वाजवणाऱ्यांपैकीच कुणीतरी.

"आणि हा पियानोवाला कोण?"

"मी कुठे पाहिलाय त्याला? खोली त्याने इंटरनेटवरूनच घेतली होती. आलेला दिसला नाही, गेलेला दिसला नाही. खाली यायचा रस्ता मागच्या गल्लीतून आहे."

२

तो पियानोवाला कुणीच पाहिलेला नव्हता. वाजवणारे लोक एकमेकांना शोधतात अशी इंटरनेटवर एक जागा होती, तिथे तो 'काळी-पांढरी' या नावाने वावरत असे. चेहऱ्याच्या जागी पियानोच्या पट्ट्यांचा फोटो होता. आणि त्या दिवशी सकाळी ते खातंच गायब झालं होतं.

"गाढवाच्या डोक्यावरच्या शिंगासारखं गायब!" हवालदार म्हणाला.

"शिंग नव्हतंच कधी. हे खातं कुणीतरी उघडलं होतं, कुणीतरी काढून टाकलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गिटारवाल्याला आत बोलावलं.

गिटारवाला मुलीच्याच वादकांच्या मेळ्यातला. उंच, किडकिडीत, रडून रडून डोळे लाल झालेला. मेळ्याला पियानोवाला हवा होता, आणि 'काळी-पांढरी' यानेच शोधून काढला होता. मुलीला लग्नाचं विचारणाराही हाच, आणि तिने ते हसण्यावारी नेलेलं. बोट दाखवायला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

"तिला एकटीला कसं पाठवलंस रे अनोळखी माणसाकडे?"

"नाही पाठवलं मॅडम! ती जातच नसे एकटी. तिच्या मावशीचे नियम होते, आम्ही तिची चेष्टा करायचो त्यावरून. अनोळखी माणसाला घरी बोलवायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही. भाड्याच्या खोलीत भेटायचं. आधी त्याचं वाजवणं मागवून ऐकायचं. बरोबर एक ओळखीचा माणूस हवा. भेट झाली की मावशीला निरोप. काल बरोबर मीच जाणार होतो. पण दुपारी मला 'काळी-पांढरी'चा निरोप आला. त्याची तब्येत बिघडलीय, भेट उद्यावर गेलीय, तिलाही कळवलंय म्हणून. मी खात्री नाही केली हो. एक फोन लावला असता..."

त्याने फोन पुढे केला. निरोप होता. पण असा निरोप स्वतःच स्वतःला पाठवायला कितीसा वेळ लागतो, हे बाईंनाही ठाऊक होतं.

"त्याचं वाजवणं कसं होतं?"

"हात तयारीचा. फक्त एक भानगड होती. त्याचा सूर उतरलेला होता, सगळ्या जगापेक्षा खाली. विजेचा कीबोर्ड होता तो, आवाजावरून कळतं. आणि विजेचा कीबोर्ड आपोआप उतरत नाही, कुणी मुद्दाम उतरवला तरच उतरतो. त्याच्याबरोबर वाजवून बघायला मला गिटारच्या सगळ्या तारा सैल कराव्या लागल्या. आणि गंमत म्हणजे..." त्याने बाहीने नाक पुसलं. "तिला काहीच करावं लागलं नाही. तिने घरून आणलेलं व्हायोलिन जसंच्या तसं त्याच्याशी जुळलं. एरवी आमच्यात आली की पहिली पाच मिनिटं तारा चढवण्यात जायची तिची. ती इतकी खूश झाली! म्हणाली, जगात एक तरी माणूस भेटला ज्याच्यासाठी मला चढावं लागत नाही. त्यामुळेच तिचा विश्वास बसला त्याच्यावर."

फौजदारबाईंना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. पण एक गोष्ट त्यांनी मनात बाजूला काढून ठेवली. ज्याची चूक साऱ्या जगाशी जुळत नाही, ती एकाच मुलीच्या चुकीशी तंतोतंत कशी जुळावी?

३

मुलीचं घर दोन मजली, अरुंद. दार मावशीने उघडलं. मुलीची आई ती लहान असताना वारली, तेव्हापासून या धाकट्या बहिणीने लग्नबिग्न बाजूला ठेवून घर सांभाळलं होतं. मुलीचे वडील पियानो शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते खोलीच्या कोपऱ्यात उभे होते, पाहुणा उभा राहावा तसे.

"टिटवी म्हणायची मी तिला," मावशी म्हणाली. "पाळण्यात असताना असा सूर लावायची की शेजारी धावत यायचे. बाई, मला एकच सांगा. बाकी तुम्ही कुणाला पकडा, सोडा, माझं काही म्हणणं नाही. मी झोपले म्हणून गेली का ती?"

"बसा मावशी. नीट सांगा."

मास्तर पुढे झाले. "तुम्ही दोघी बोला. माझ्यासमोर तिला जड जाईल." आणि ते बाहेर गेले, जाताना त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.

खोली शिकवणीची होती. एका भिंतीला जुना पियानो, त्याच्या काटकोनात विजेचा कीबोर्ड.

मावशीने सांगितलं ते असं. टिटवी अनोळखी लोकांना भेटायला निघाली की दोघींमध्ये एक वाक्य ठरायचं. दरवेळी नवं, आणि तोंडी. कुठे लिहायचं नाही. भेटीतलं सगळं नीट असेल तर टिटवीने फोनवर तेवढंच वाक्य पाठवायचं. दुसरं काहीही आलं, अगदी 'मी मजेत आहे' असं आलं, तरी मावशीने पोलिसांना कळवायचं. तिच्या फोनला कुलूपसुद्धा मावशीने लावू दिलं नव्हतं, कारण काही बरंवाईट झालं तर कुणालाही त्यावरून घरी फोन लावता यावा.

"काल काय वाक्य होतं?"

"मांजराला दूध घातलंस का." मावशीने आपला फोन पुढे केला. "आमच्याकडे मांजर नाहीये. आलं बाई, अगदी तसंच्या तसं आलं. म्हटलं, पोरगी सुखरूप आहे. माझी गोळी घेतली आणि झोपले. ती तिकडे दार ओरबाडत होती आणि मी इकडे घोरत होते."

"ते वाक्य तिने पाठवलेलं नाही. फोन दाराबाहेर होता आणि ती आत. मावशी, नीट आठवा. ते वाक्य आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही. आम्हा दोघींतलं ते."

बाई उठून पियानोजवळ गेल्या. "हा वाजतो अजून?"

"वाजतो, पण उतरलाय. दुरुस्तीवाला म्हणाला, तारा जुन्या झाल्यात, चढवल्या तर तुटतील. टिटवी लहानपणापासून यालाच जुळवून वाजवायची. दोन वाद्यं एका खोलीत भांडायला नकोत म्हणून भावोजींनी त्या कीबोर्डाचा सूरसुद्धा तेवढाच खाली आणून ठेवलाय."

बाईंचा हात पियानोच्या झाकणावरच थांबला.

त्यांनी मावशीला पाणी प्यायला लावलं आणि दार उघडून त्या बाहेर आल्या. दाराबाहेरच्या अरुंद बोळात मास्तर स्टुलावर बसले होते. आणि शिकवणीच्या खोलीच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, एक छोटा लाल दिवा लागलेला होता.

"हा कुणी लावला?"

मास्तरांनी वर पाहिलं. त्यांनाही जरा आश्चर्यच वाटलेलं दिसलं. "मीच लावला असेन. सवय हो. तरुणपणी ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांमध्ये नोकरी केली. टिटवी सरावाला बसली की दार ओढायचो आणि दिवा लावायचो. आता कधी लावतो ते माझं मलाही कळत नाही."

४

बाई ठाण्यावर परतल्या. हवालदाराने गिटारवाल्याला तासायला घ्यायचं का, असं विचारलं, तर त्या त्याच्यावर खेकसल्या. "तासायला तो काय पेन्सिल आहे? सोड त्याला. आणि त्याचं ते सूर मोजायचं यंत्र मागून घे."

ते बोटभर यंत्र होतं. सूर बरोबर असला की काटा मधोमध उभा राहायचा, उतरला की डावीकडे झुकायचा. गिटारवाल्याच्या फोनवर 'काळी-पांढरी'चं वाजवणं होतंच. बाईंनी ते लावलं. काटा डावीकडे गेला आणि एका रेघेवर थांबला. बाईंनी त्या रेघेवर नखाने खूण केली.

संध्याकाळी त्या पुन्हा त्या घरी गेल्या. मावशी आतल्या खोलीत पडून होती. मास्तर शिकवणीच्या खोलीत पियानोचं झाकण पुसत बसले होते. बाईंनी काही न विचारता कीबोर्ड चालू केला, यंत्र त्यावर ठेवलं आणि गिटारवाल्याने दाखवून दिलेली पट्टी दाबली.

काटा खुणेवर जाऊन थांबला.

"मास्तर," बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जिवंत माणसासमोर त्यांचा आवाज खाली आला, "तुम्ही 'काळी-पांढरी' आहात."

५

मास्तर पुसतच राहिले. मग फडकं खाली ठेवून म्हणाले, "कशावरून?"

"अनोळखी माणूस तिला फसवू शकला असता, एवढं मान्य. गिटारवाल्याला खोटा निरोप धाडून तिला एकटी पाडू शकला असता, हेही मान्य. कडी काय, कुणीही लावेल. पण ते वाक्य त्याच संध्याकाळी या घरात ठरलं होतं, तेही तोंडी. ते ना गिटारवाल्याला ठाऊक होतं, ना तळघरवाल्याला. आणि या घराबाहेर कुणाचाही सूर नेमका एवढा उतरलेला नाही."

मास्तर बांध फुटावा तसे बोलू लागले.

"पुढच्या महिन्यात ती त्या मेळ्याबरोबर गावोगाव जाणार होती. रोज नवा माणूस, नवं घर. मी पेपरातलं वाचून दाखवायचो, कुठे कुणाला फसवलं, कुठे कुणाला मारलं. तर हसायची. म्हणायची, बाबा, माझे नियम आहेत ना! मला दाखवायचं होतं की नियमांनी काही होत नाही. तास-दोन तास आत कोंडून घाबरली असती, घरी येऊन रडली असती, मग सांगितलं असतं, तो मीच होतो, पण मी नसतो तर? बस. एवढंच. रागावली असती, पण घरात राहिली असती."

"आणि पंप?"

"तो तिच्या खिशात असतो! नेहमी असतो!" ते ओरडले. "कोटाचं माझ्या ध्यानातच आलं नाही. मी कप्प्यातला फोन तेवढा उचलला, वाक्य पाठवलं, परत ठेवला. झोपायच्या वेळी तळघरवाला दार उघडतोच, टिटवीच सांगायची. मी पुन्हा जाऊनही आलो हो! गल्लीतूनच पाहिलं, वर अंधार, सगळं निजलेलं. वाटलं, त्याने उघडलं असणार, रुसून मैत्रिणीकडे गेली असणार. भांडण झालं की जायचीच." ते उठून उभे राहिले. "त्या माणसाला विचारा! रोज उघडतो, मग कालच का नाही उघडलं? त्याने उघडलं असतं तर आज माझी पोर असती. तो गुन्हेगार आहे, तो!"

बाईंना हे सांगणं चुकवता आलं असतं. तपासाला त्याची गरज नव्हती. पण तळघरवाला बिचारा सकाळपासून भिंतीवर डोकं आपटत होता, आणि हा माणूस जन्मभर त्याला शिव्याशाप देत बसला असता.

"तो आला होता उघडायला," त्या म्हणाल्या. "लाल दिवा लागलेला दिसला म्हणून परत गेला."

"मी दिवा लावला नव्हता." मास्तरांचा आवाज ठाम होता. "मी कशाला लावीन? त्याने उघडावं म्हणूनच तर..."

"दुपारी इथेही तुम्ही लावला नव्हता, मास्तर."

मास्तर दाराकडे बघत राहिले. उजवा हात आपोआप उचलला गेला, हवेत दाराच्या चौकटीपाशी बटण असावं एवढ्या उंचीवर थांबला, आणि त्यांनी तो डाव्या हाताने धरून खाली ओढला. मग ते मटकन पियानोच्या बाकावर बसले. हवालदार त्यांना न्यायला आत आला.

"तिचे नियम पक्के होते," बाई जाताजाता म्हणाल्या. "बाहेरच्या माणसाला ते मोडता आले नसते. त्यासाठी घरातलाच माणूस लागतो."

६

मावशी बोळात भिंतीला धरून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मास्तरांना तिच्या समोरून नेलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. जिन्यावरचे पाय वाजायचे थांबले तेव्हा ती खाली बसली. फौजदारबाई, ज्या कुणाच्या घरी पाणीसुद्धा घेत नसत, तिच्या शेजारी फरशीवर बसल्या.

"तुम्ही विचारलं होतंत ना मावशी," त्या म्हणाल्या. "ऐका आता. तुम्ही झोपलात म्हणून ती गेली नाही. ठरलेलं वाक्य आलं, तुम्ही निर्धास्त झालात. जगातली कुठलीही आई झोपली असती. तुमचा दोष नाही."

मावशीने मान हलवली. मग पुन्हा हलवली, पण ती होकाराची नव्हती.

"काल टिटवी निघून गेल्यावर भावोजी स्वयंपाकघरात आले होते," ती म्हणाली. "म्हणाले, तुझी गोळी घेतल्यावर तुला जाग येत नाही. काही झालं तर निदान मला तरी कळायला हवं. आज काय वाक्य ठरलंय?"

बाईंनी मान वर केली.

"दुपारी तुम्ही विचारलंत, कुणाला ठाऊक होतं. मी म्हटलं कुणालाच नाही. खोटं नाही हो बोलले. घरातल्या माणसाला कुणी 'कुणी' म्हणतं का? बाप होता तिचा." मावशीने पदराने तोंड पुसलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "कुणालाही सांगायचं नाही, हा नियम माझाच होता बाई. ती लहान होती तेव्हापासून तिच्याकडून घोकून घेतला होता. तिने कधी मोडला नाही."

रस्त्यावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

"म्हणजे झोपले म्हणून नाही गेली," मावशी म्हणाली. "जागी होते तेव्हाच सांगून बसले, म्हणून गेली."

बाई मावशीचा हात हातात घेऊन अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.